तिने पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं, तर…

"ताई, दोन दिवस तुझ्याकडे येऊ का गं?"

माझ्या नात्यातल्या एका बहिणीचा भर दुपारी आलेला फोन. लग्नाला चार वर्षं झालेली, पदरात एक मूल. मी विचारलं, "का, भांडलात?" ती म्हणाली, "हो, तसंच." आणि मी म्हणाले, "अगं, भांडणं कुणाच्या घरात होत नाहीत? आज शांत राहा, रविवारी ये निवांत." ती रविवारी आली नाही. पुढची दोन वर्षं तिने मला काहीच सांगितलं नाही. त्या दुपारी ती न्हाणीघरात नळ सोडून बोलत होती, हे मला फार उशिरा कळलं.

हा लेख घरात हिंसा सोसणाऱ्या बाईच्या त्या एका फोनसाठी आहे. पोलीस, वकील, हेल्पलाइन हे सगळं नंतर येतं. बाई आधी आपल्या माणसाला चाचपून बघते. एखादं अर्धवट वाक्य टाकते आणि समोरचा काय म्हणतो ते ऐकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या होत्या फक्त १४ टक्के. म्हणून जी तुमच्याशी बोलली, तिने केवढा उंबरठा ओलांडला आहे ते आधी ध्यानात घ्या.

ओळखायचं कसं

आपण काळानिळा डोळा शोधत बसतो. मार बहुतेक वेळा फार उशिरा दिसतो. त्याआधी घरात कितीतरी गोष्टी बदललेल्या असतात. पगार तिचा, पण एटीएम कार्ड सासूच्या कपाटात. माहेरी फोन करायचा तो स्पीकरवर. भिशी सुटते, मग शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप सुटतो, मग "घरात लक्ष दे" म्हणून नोकरी सुटते. दर वेळी कारण साधं वाटतं, आणि दर वेळी ती एका माणसाने एकटी होते.

यातलं पुष्कळसं प्रेमाच्या नावाखाली खपतं. "तो फार पझेसिव्ह आहे गं," असं लाडाने सांगितलं जातं. दिवसातून पंधरा फोन, पोहोचलीस की फोटो पाठव, फोनचा पासवर्ड मला माहीत हवा, लोकेशन चालू ठेव. कॉलेजातल्या मुलींना तर ही काळजीच वाटते. काळजी करणारा माणूस "नाही" ऐकून घेतो. एकदा पासवर्ड द्यायला नकार देऊन बघितला की काळजी आहे की पहारा, ते त्याच संध्याकाळी कळतं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने (तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला) हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. हे मुद्दाम सांगते, कारण "त्याने हात कुठे उचललाय?" हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरावा म्हणून विचारला जातो. घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने परस्पर मोडणं, मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून टोचून खाणं, रात्री घराबाहेर काढून कडी लावणं, हे सगळं कायद्याच्या लेखी हिंसाच आहे. लैंगिक जबरदस्तीबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या फौजदारी कायद्यात आजही बलात्कार ठरत नाही. पण २००५ च्या कायद्याखाली ती हिंसा आहे आणि त्याविरुद्ध संरक्षण मागता येतं. "ते तर नवराबायकोतलं" म्हणून हा भाग झाकून ठेवायला तिला कुणी सांगू नये.

मग भांडण आणि हिंसा यांत फरक काय? माझ्यापुरती मी एकच कसोटी ठेवली आहे: त्या घरात घाबरतं कोण? भांडणात दोघंही ओरडतात आणि दोघंही उद्या बिनघोर बोलतात. हिंसेच्या घरात एकजण दिवसभर शब्द तोलत असतो. जिन्यावर पावलं वाजली की पदर सावरतो, टीव्हीचा आवाज कमी करतो. मुलांकडे बघा. गाडीचा आवाज आला की खेळ सोडून आत पळणारं मूल बरंच काही सांगून जातं.

मारल्यानंतरच्या दिवसांनी फसू नका. साडी येते, जोतिबाला किंवा शिर्डीला जाऊन शपथ घेतली जाते, तो रडतो, "दारूने केलं" म्हणतो. तेव्हाचं त्याचं रडणं खोटंच असतं असं नाही. पण दारू पिऊन साहेबावर हात न उचलणारा माणूस घरात उचलतो, तेव्हा दारू हे कारण पुरत नाही.

पहिलं बोलणं

शंका आली तर विचारा, पण जागा बघून. घरच्या फोनवर, व्हॉट्सॲपवर किंवा नवरा शेजारच्या खोलीत असताना अजिबात नको. भाजी आणायला, देवळात, डॉक्टरकडे जाताना, बाळाला पार्कात नेताना बोला. बोलता येणारं मूल जवळ असेल तर थांबा. मूल घरी जाऊन निरागसपणे सगळं सांगतं. प्रश्न सरळ आणि छोटा ठेवा. "तो तुला मारतो का?" यापेक्षा "घरात तुला कुणाची भीती वाटते का गं?" याला उत्तर लवकर येतं. "नाही" म्हणाली तर खोदू नका. "बरं. कधी वाटलं तर रात्री दोन वाजताही फोन कर," एवढं बोलून विषय सोडा. ते वाक्य ती घरी घेऊन जाते.

आणि सांगायला लागली, तर ऐका. मध्ये सल्ला नको, स्वतःची गोष्ट नको. शेवटी तीन गोष्टी तिच्या कानावर पडायला हव्यात: तू सांगितलंस ते बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही. शब्द तुमचे वापरा. माझ्या आजीच्या तोंडी असतं तर ती म्हणाली असती, "तुझ्या अंगावर हात टाकायचा हक्क कुणाच्या बापालाही नाही." त्यात या तिन्ही गोष्टी आल्या.

आपल्या घरांत जी वाक्यं सहज तोंडी येतात, ती मात्र गिळा. "तू काय बोललीस त्याला?" "मुलांकडे बघून सहन कर." "जुळवून घ्यावं लागतं बाई." "एक मूल झालं की सुधारेल." आणि शिकलेल्या घरांतलं खास वाक्य, "तू एवढी शिकलेली, तू कसं सहन केलंस?" हे वरून आधारासारखं दिसतं, पण ऐकणारीला ते शरमेत लोटतं. मी बँकेत अधिकारी असलेल्या, शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या बायकांना हेच वाक्य ऐकून गप्प झालेलं पाहिलं आहे.

अजून एक चूक मायेपोटी होते. ती बोलायला लागली की आपण त्याला शिव्या घालतो: नालायक, राक्षस, उद्याच्या उद्या सोड त्याला. पण चार दिवसांनी ती घरी परत जाते. मग त्या राक्षसाच्या घरी परत गेलेली आपण कोण, या लाजेने ती पुढच्या वेळी तुमच्याकडे येतच नाही. त्याच्या वागण्याला नाव ठेवा, तिच्या संसाराला ठेवू नका. "त्याने गळा धरला हे भयंकर आहे" म्हणा. "तुझं नशीबच फुटकं" म्हणू नका.

परत का जाते, हा प्रश्न तुमच्याही मनात येणार. मुलं, शाळा, राहायला जागा नाही, हातात पैसा नाही, धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय, गावात "नवऱ्याने टाकलेली" हा शिक्का बसतो. कधीकधी त्या माणसावर अजून जीव असतो. आणि भीती असते, ती बहुधा खरी असते. कायमचं बाहेर पडण्याआधी बाई अनेकदा निघते आणि परत जाते. त्या प्रत्येक खेपेत तुमचं दार तिला उघडं दिसलं पाहिजे. निर्णय तिचा, तयारी आपली, हे मी फार मोल देऊन शिकले. तिच्या घरात आधीच एकजण तिच्या वतीने सगळं ठरवतो आहे. आपण दुसरे ठरवणारे झालो तर तिच्या हाती काय उरलं?

दोन गोष्टी मात्र कधीच करू नका. एक, त्याला परस्पर फोन करून जाब विचारू नका. तिने तोंड उघडलं हे त्याला कळतं, आणि त्याचा हिशोब रात्री तिच्याकडूनच चुकता होतो. दोन, तिला विचारल्याशिवाय बैठक बसवू नका. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं, चहा, "झालं गेलं विसरा", आणि तिला त्याच्याच गाडीवर बसवून परत पाठवायचं, अशा बैठका मी बघितल्या आहेत. मारणाऱ्याच्या समोर बसून मार खाणारी खरं बोलेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. काका-मामांना खरोखर मदत करायची असेल तर त्यांनी वकिलाची पहिली फी द्यावी, नाहीतर महिन्याभराची खोली बघून द्यावी.

धोका किती आहे

सगळ्या घरांतला धोका सारखा नसतो. पुढच्यापैकी एकाही प्रश्नाला "हो" आलं तर वाट बघण्यात वेळ घालवू नका. त्याने कधी गळा दाबला आहे का? जिवे मारीन म्हणाला आहे का, की तिला वाटतं तो खरंच मारेल? सुरा, कोयता, रॉकेल, ॲसिड, बंदूक यांची भीती घातली आहे का? ती गरोदर असताना मारलं का? "तू गेलीस तर मी जीव देईन, पोरांनाही घेऊन जाईन" असं बोलतो का? गेल्या काही महिन्यांत मार वाढला आहे का? ती नुकतीच वेगळी झाली आहे किंवा निघण्याच्या तयारीत आहे हे त्याला कळलं आहे का?

गळा दाबण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे ते "धक्काबुक्की"त मोजलं जातं. ज्या बाईचा गळा तिच्या जोडीदाराने एकदा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्या हातून खून होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असं या विषयावरच्या संशोधनातून दिसून आलं आहे. गळ्यावर वळ नसला तरी आतली इजा असू शकते. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, चक्कर, कपड्यात नकळत लघवी झालेली असणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काही त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात.

आणि सगळ्यात जास्त धोका ती निघते त्या दिवसांत असतो. म्हणून "आत्ताच्या आत्ता पिशवी भर आणि निघ" हा सल्ला, आत्ता या क्षणी जिवावर बेतलेलं नसेल तर, मी देत नाही.

निघण्याची तयारी

तयारीला आठवडे लागू देत, महिने लागू देत. माझ्या त्या बहिणीची पिशवी माझ्या कपाटात सात महिने पडून होती.

पिशवी तिच्या घरात ठेवायची नाही, तुमच्याकडे किंवा ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवायची. त्यात आधार, पॅन, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र हवं. ते नसेल तर लग्नपत्रिका आणि दोघांचे लग्नातले फोटो. दागिन्यांच्या पावत्या किंवा ते घातलेले फोटो, दवाखान्याचे जुने कागद, त्याची पगाराची चिठ्ठी मिळाली तर तीही. मूळ कागद काढल्याने संशय येत असेल तर झेरॉक्स आणि मोबाइलवरचे फोटो पुरेत. आधारसारखे कागद पुन्हा काढता येतात. थोडी रोकड, औषधं, मुलाचं एखादं लाडकं खेळणं आणि घराच्या किल्लीची नक्कल.

पैसे: तिच्या एकटीच्या नावाचं नवं खातं, शक्यतो ज्या बँकेत नवऱ्याचं खातं नाही तिथे. मेसेज जाणारा नंबर तिचाच आहे का, ते तपासा. महिन्याला पाचशे रुपये बाजूला पडले तरी चालतील.

फोनबद्दल शांतपणे विचार करा. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक केलेली उपकरणं" उघडून बघा. त्याच्या लॅपटॉपवर तिचे मेसेज उघडे असतात आणि तिला पत्ताच नसतो. गूगल खात्यात त्याचा फोन नंबर किंवा त्याचं लॉगिन आहे का, नकाशावर लोकेशन शेअर चालू आहे का, सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे, हे पाहून घ्या. पण हे सगळं एकदम बंद करू नका. रोजचा पहारा अचानक बंद पडला की पहारेकऱ्याला कळतं. मदतीचे फोन तुमच्या किंवा शेजारणीच्या फोनवरून करा. निघाल्यावर नवं सिम आणि नवा ईमेल घ्या.

पुरावा: तारीख, वेळ, काय झालं, कुणी बघितलं, एवढंच वहीत किंवा तुमच्याकडे पाठवलेल्या मेसेजमध्ये. जखमेचा एक फोटो जवळून आणि एक चेहऱ्यासकट. धमकीचे मेसेज फॉरवर्ड करण्यावर थांबू नका. मूळ फोन जपा, फॉरमॅट करू नका. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील.

एक खुणेचा शब्द ठरवा. आमचा होता, "मेतकूट उरलंय का?" हा मेसेज आला की प्रश्न न विचारता ११२ ला फोन करून तिचा पत्ता सांगायचा. शेजारच्या एका विश्वासू घरालाही तो शब्द माहीत होता. मुलांना एवढंच शिकवा: मध्ये पडायचं नाही, शेजारच्या काकूंकडे पळायचं. आईला वाचवणं हे सात वर्षांच्या पोराचं काम नाही. भांडण पेटलंच तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर टाळायचं. एकीकडे सुऱ्या असतात, दुसरीकडून बाहेर पडायला वाट नसते.

कुठलं दार ठोठवायचं

जिवाला धोका असेल तर ११२. सल्ला, समुपदेशन किंवा निवारा हवा तर महिला हेल्पलाइन १८१. राष्ट्रीय महिला आयोगाचा क्रमांक ७८२७१७०१७०. मुलांसाठी १०९८, मोफत वकिलासाठी १५१००, मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. हे क्रमांक तिच्या फोनमध्ये साठवू नका, तुमच्यात साठवा.

२०१५ पासून "सखी" वन स्टॉप सेंटरं सुरू झाली. तिथे एकाच जागी समुपदेशन, पोलिसांशी संपर्क, कायद्याचा सल्ला आणि साधारण पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहणं मिळतं. त्यापुढच्या निवाऱ्यासाठी शक्ती सदनं आहेत, आधी त्यांना स्वाधार गृह म्हणत. महाराष्ट्राची आणखी एक जमेची बाजू आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या चालवतात असा. असे कक्ष आता राज्यात अनेक ठिकाणी आहेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली "दिलासा" सुरू झालं, महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून. त्यामागचा विचार मला फार पटतो: बाई पोलीस ठाण्यात जात नाही, पण जखम बांधायला दवाखान्यात जाते, तर आधार तिथेच ठेवा. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे केंद्र गेलं.

दवाखाना आणि पोलीस ठाणं

दवाखान्यात खरं सांगायचं. "जिन्यावरून पडले" हे केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे तोच कागद तिच्याविरुद्ध दाखवला जातो. कुणी, कशाने, कुठे मारलं हे डॉक्टरांना लिहायला सांगा आणि पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, म्हणजे एमएलसी, करायला लावा. नवरा सोबत आला असेल तर तपासणीसाठी तिला एकटीला आत घ्या, असं नर्सला हळूच सांगा.

पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, करून बोळवण होते. एनसी ही नोंद आहे, गुन्ह्याचा तपास नाही. नवऱ्याची किंवा सासरच्यांची क्रूरता हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली दखलपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. १९८३ पासून जुन्या दंडसंहितेत तो ४९८-अ म्हणून ओळखला जायचा. तक्रार लेखी न्या, दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि सही घ्या. नोंदवून घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. एफआयआरची प्रत मोफत मिळते. "घटना नाशिकला घडली, तिकडे जा" असं सांगितलं तर झिरो एफआयआर मागा. हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून तो वर्ग करायचा असतो. शिवाय बाई जिथे आसऱ्याला आली आहे तिथेही ही तक्रार करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तिच्यासोबत जा. एकट्या बाईला "घरी जा, मिटवा" म्हणणं सोपं असतं. शेजारी वही उघडून बसलेली दुसरी बाई असली की सूर बदलतो.

न्यायालय: जेलमध्ये टाकायचं नसेल तरीही

"मला त्याला जेलमध्ये नाही टाकायचं, फक्त मार थांबायला हवा," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असायला हवं असं वाटतं. त्यासाठीच २००५ चा कायदा आहे. कलम ८५ ची तक्रार न करताही त्याचा आधार घेता येतो.

पहिली पायरी संरक्षण अधिकारी. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात त्यांचा पत्ता मिळतो. ते घटनेचा अहवाल तयार करतात. हिंसेची माहिती त्यांना शेजारीही देऊ शकतात. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर कारवाई होत नाही. मग कलम १२ चा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तिने स्वतः, संरक्षण अधिकाऱ्यांनी किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणीही तो करावा. आणि ती सध्या राहते तिथल्या न्यायालयात, भले तात्पुरती राहत असो.

काय मागायचं ते नेमकं लिहा: मारहाण आणि संपर्क थांबवण्याचा आदेश, घरात राहण्याचा हक्क किंवा पर्यायी घराचं भाडं, खर्च आणि पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई, स्त्रीधन परत. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिला बाहेर काढता येतं, हा समज सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात मोडून काढला. लग्नानंतर ती तिथे राहिली असेल तर ते घर सामायिक घर ठरू शकतं, म्हणजे तिथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो. गोव्यात नागरी कायद्यामुळे नवराबायकोचा मालमत्तेत सहसा निम्मा वाटा असतो आणि स्थावर विकायला दोघांच्या सह्या लागतात. तिथे सहीसाठी चाललेली मारहाण ही वेगळी नोंदवण्यासारखी खूण आहे.

कायद्यात साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि हे तिला आधीच सांगा, म्हणजे तिसऱ्या तारखेला तिचा धीर सुटणार नाही. म्हणूनच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यायचा. धोका दिसत असेल तर समोरच्याला न ऐकताही तो आदेश मिळू शकतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर तो अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची प्रत पर्समध्ये, एक शाळेत, एक सोसायटीच्या वॉचमनकडे. वकिलाच्या पैशांची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

या कायद्याचा आधार फक्त बायकोला नाही. लग्न न करता संसार केलेल्या जोडीदारणीला आहे, विधवा सुनेला आहे, मुलाकडून मार खाणाऱ्या आईला आहे, आणि परजातीतल्या मुलावर प्रेम केलं म्हणून बाप-भावाने कोंडून ठेवलेल्या सज्ञान मुलीलाही आहे. पुरुषांना या कायद्याखाली अर्ज करता येत नाही. पण मार खाणारा पुरुषही मार खाणाराच. त्याला ११२, टेलिमानस आणि मारहाण-धमकीची साधी फौजदारी तक्रार हे मार्ग आहेत. त्याने सांगितलं तर हसू नका. त्यालाही पहिलं वाक्य तेच हवं असतं.

परदेशात लग्न करून गेलेल्या मुलीचं आणखी अवघड. व्हिसा नवऱ्यावर अवलंबून, पासपोर्ट त्याच्या कपाटात, भाषा नवी. तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत निघण्याआधीच माहेरी ठेवा. अनेक देशांत आणीबाणीच्या क्रमांकावर दुभाषी मागता येतो, हे तिला विमानतळावरच सांगा.

लग्नाआधी

आईबाप लाखांचं लग्न लावून देतात आणि पाठवणीला "दिल्या घरी सुखी राहा" म्हणतात. त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य म्हणा: "कधीही परत यावंसं वाटलं तर हे घर तुझं आहे, कारण विचारणार नाही." आणि ते खरं करून दाखवा. तिची खोली लगेच भावाच्या मुलांना देऊन टाकू नका. लग्नाची नोंदणी करा, दागिन्यांच्या पावत्या तिच्याच नावावर घ्या, नोकरी सोडण्याची अट आली तर तिथेच थांबा. आणि मुलाचे आईबाप असाल तर तो बहिणीवर, मैत्रिणीवर आवाज चढवतो तेव्हा "पुरुष आहे, तापट आहे" म्हणून सोडून देऊ नका.

बाहेर पडल्यानंतर

लोक इथे सुटकेचा श्वास सोडतात आणि पांगतात. खरी दमछाक इथून सुरू होते. पहिले काही महिने तो ऑफिसच्या गेटवर येईल, मुलांच्या शाळेत येईल, नातेवाइकांकडून निरोप पाठवेल, माफी मागेल, धमकी देईल. तिची जाण्यायेण्याची वाट आणि वेळ बदला. शाळेला लेखी कळवा की मुलाला कोण नेऊ शकतं. नवा पत्ता नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरू देऊ नका. तिच्या वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारी इमारत पुरेशी होते.

ती रडेल, त्याची आठवण काढेल, कधी तुमच्यावरच चिडेल. झोप येणार नाही, कुकरची शिट्टी वाजली तरी दचकेल. तिला "आता तरी खूश राहा" म्हणू नका. समुपदेशनाचा खर्च परवडत नसेल तर सरकारी मनोरुग्ण विभाग आणि टेलिमानस आहेत. तारखेच्या दिवशी सोबत जा, डबा न्या, मुलाला सांभाळायला घ्या. पोटगीसाठी दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते भरायला दोन संध्याकाळी बसा तिच्यासोबत. पहिली दिवाळी, पहिली संक्रांत या दिवशी तिला एकटं ठेवू नका, हळदीकुंकवाला आवर्जून बोलवा.

हे लिहून झाल्यावर मी माझ्या बहिणीला वाचायला दिलं. तिने पिशवीच्या यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, चपला राहिल्या." ती निघाली तेव्हा एका कडेवर मूल होतं, दुसऱ्या हातात फोन, आणि रिक्षा मिळेपर्यंतचं अर्धा किलोमीटर ती तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालली होती. तर पिशवीत चपलांचा एक जोड ठेवा. मुलाचाही.